साठ हजार किलोमीटरचा टायर आणि गगनबावड्याचा पाऊस

कोल्हापुरात टायरच्या कुठल्याही दुकानात जा, शिरोलीच्या बाजूला जा नाहीतर गोकुळ शिरगावकडे, गिऱ्हाईक पहिला प्रश्न एकच विचारतं: "किती पळतोय?" दुकानदारही तयारच असतो. "ह्यो चाळीस हजार, ह्यो पन्नास, आन् ह्यो न्या, साठ हजाराला मरण न्हाई बघा." गिऱ्हाईक साठ हजारवाल्यावर हात ठेवतं, थोडी घासाघीस होते, चहा येतो, व्यवहार मिटतो. गाडी वर्षाला किती फिरते, पावसाळ्यात कोकणात उतरते का, मागच्या सीटवर किती माणसं बसतात, यातलं काहीही कुणी विचारत नाही. जास्त पळतो तो टायर चांगला, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की ती समजूत आहे हेच लोक विसरलेत. माझं म्हणणं असं की घरच्या गाडीसाठी ती चुकीची आहे, आणि कोल्हापूर जिल्ह्यात तर जिवावर बेतणारी आहे.

आधी किलोमीटरचाच हिशेब घेऊ, कारण समोरच्या बाजूची सगळी भिस्त त्याच्यावर आहे. नोकरदाराची किंवा छोट्या व्यापाऱ्याची गाडी रोज राजारामपुरीतून शाहूपुरीत जाते, रविवारी जोतिबा नाहीतर पन्हाळा, वर्षातून दोन-तीनदा पुणे, मे महिन्यात मालवण. अशी गाडी वर्षाला सात हजार किलोमीटर चालली तरी पुष्कळ. म्हणजे साठ हजार पुरे व्हायला साडेआठ वर्षं लागणार. रबर तेवढी वर्षं तसंच राहत नाही. ऊन, हवेतला प्राणवायू आणि ओझोन यांनी ते कडक होत जातं, बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक चिरा पडतात. टायर कंपन्या स्वतःच सांगतात की पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षांच्या पुढे, नक्षी कितीही शिल्लक असली तरी, वापरू नका. काही मोटार कंपन्या तर सहा वर्षांवरच थांबायला सांगतात. मग ज्या साठ हजारांसाठी आपण टायर निवडला, त्यातले शेवटचे वीस-पंचवीस हजार किलोमीटर आपण कडक झालेल्या रबरावर काढतो. वरून बघितलं तर खाचा खोल दिसतात, म्हणून मालक निर्धास्त असतो. पावसात ब्रेक दाबेपर्यंत त्याला काही कळत नाही.

पण वयाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी दुसरा मोठा मुद्दा उरतोच. टायर बनवणाऱ्याला तीन गोष्टी एकाच वेळी साधायच्या असतात: टायर हळू झिजला पाहिजे, ओल्या रस्त्यावर धरून राहिला पाहिजे, आणि लोळताना इंधन कमी खाल्लं पाहिजे. ही तिन्ही एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. झीज कमी करायला मिश्रण कडक केलं, तर ओल्या डांबराच्या बारीक खडबडीतपणात रबर नीट बसत नाही आणि पकड कमी होते. पकड वाढवायला मिश्रण मऊ केलं, तर टायर लवकर झिजतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मिशेलिनने काजळीच्या जागी मोठ्या प्रमाणावर सिलिका वापरून ही ओढाताण बरीच सैल केली. पुढे सगळ्यांनीच तो मार्ग धरला, म्हणून आजचा टायर वीस-तीस वर्षांपूर्वीच्या टायरपेक्षा पुष्कळ चांगला आहे. ओढाताण मात्र संपलेली नाही. त्याच किमतीत, त्याच मापात कुणी दीडपट-दुप्पट किलोमीटर देतो म्हणाला, तर त्याने ते कुठून काढले हे विचारायलाच हवं. बहुतेक वेळा ते ओल्या रस्त्यावरच्या पकडीतून काढलेले असतात.

आणि ओला रस्ता आपल्या वाट्याला किती येतो? जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस गगनबावड्यात. कोल्हापुरातून बाहेर पडलं की कळे, साळवण, असळज असं करत पंचावन्न किलोमीटरमध्ये आपण त्या पावसात पोचतो. तिथून पुढे करूळ किंवा भुईबावडा घाट उतरायचा. रत्नागिरीला जायचं तर मलकापूरवरून आंबा घाट, कणकवलीला राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट, सावंतवाडीला आजऱ्यावरून आंबोली. कोकणात उतरायचा एकही रस्ता पाण्यातून आणि धुक्यातून सुटलेला नाही. जून ते सप्टेंबर हे सगळे घाट ओलेच असतात. कोल्हापूरकर काही घरात बसत नाही. उलट धबधबे बघायला तेव्हाच निघतो, गणपतीला कोकणातल्या घरी तेव्हाच जातो.

पावसाळ्यापुरताच प्रश्न असता तरी एक वेळ ठीक होतं. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरची धूळ, सांडलेलं तेल आणि रबराचा चुरा यांचा जो बुळबुळीत लेप होतो, तो मुसळधार पावसापेक्षा वाईट. गाळपाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरावर येते, पहाटेच्या दवाने ती ओली होते, आणि वाटेत उसाची पाचट पडलेली असतेच. ज्यांची शेती आणि कारखाना एकाच रस्त्यावर आहे त्यांना हे नवीन नाही. टायर घेताना मात्र यातली एकही गोष्ट आठवत नाही, आठवतो तो आकडा.

पकडीतला फरक म्हणजे नेमका किती, असं कुणी विचारेल. साधा भौतिकशास्त्राचा हिशेब आहे, दहावीच्या मुलालाही करता येईल. ताशी ६० किलोमीटर वेगाने उतरणाऱ्या दोन गाड्या धरा. एकीच्या टायरचा ओल्या रस्त्यावरचा घर्षणांक ०.७, दुसरीचा ०.५. दोघींनी एकाच जागी पूर्ण ब्रेक दाबला. पहिली सुमारे २० मीटरवर थांबते. दुसरीला २८ मीटर लागतात. आठ मीटर हा फरक कागदावर फार वाटत नाही, म्हणून तोच हिशेब उलटा करून बघा: पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, त्या जागेवरून दुसरी अजून ताशी ३२ किलोमीटर वेगाने पुढे चाललेली असते. समोर वळणावर उभी एसटी असेल, म्हैस असेल, दरड कोसळून रस्ता अडला असेल, तर हे ३२ किलोमीटर त्यावर जाऊन आदळतात. आणि हा हिशेब सपाट रस्त्याचा आहे. घाटाच्या उतारावर दोन्ही अंतरं वाढतात आणि त्यांच्यातला फरकही वाढतो.

इथे एक जण हटकून म्हणतो, "रस्तेच असले, तर टायर बिचारा काय करणार?" या युक्तिवादाबद्दल मला सहानुभूती आहे, कारण कोल्हापूर हे रस्त्यांसाठी भांडणारं गाव आहे. शहरातल्या रस्त्यांच्या टोलविरुद्ध एन. डी. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरले आणि २०१५च्या अखेरीला सरकारला टोल रद्द करावा लागला. खड्ड्यांचा जाब विचारायचा हक्क या गावाने कमावलेला आहे. पण रस्त्यांचा राग टायरच्या निवडीत आणला की नुकसान आपलंच होतं. रस्ता वाईट म्हणून टायर कसाही चालेल, हे उलटं तर्कशास्त्र आहे. रस्त्यावर आपला ताबा नाही, टायरवर आहे. शिवाय रस्ते सुधारतायत, आणि सुधारलेला रस्ता टायरची परीक्षा अधिक कडक करतो. करूळ घाट २०२४ मध्ये रुंदीकरण आणि काँक्रीटीकरणासाठी बंद होता. खड्डे होते तेव्हा गाडी आपोआप सावकाश उतरायची. काँक्रीट झालं की तोच माणूस तेच वळण जास्त वेगाने घेणार, आणि थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. वेग दीडपट झाला तर अंतर सव्वादोन पट. पुणे-बंगळूर महामार्गाचंही तेच. रस्ता रुंद आणि सरळ झाला की चूक करायला जागा वाढते, थांबायची ताकद वाढत नाही.

दुसरा युक्तिवाद जास्त चीड आणणारा आहे, कारण तो अपघातानंतर केला जातो. "टायर फुटला हो, त्याला कोण काय करणार? नशीब." गेली कित्येक वर्षं हे वाक्य पोलिसांपुढे, विमा कंपनीपुढे आणि मेलेल्या माणसाच्या घरच्यांपुढे बोललं गेलं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्पष्ट उत्तर दिलं आहे. २०१० सालच्या ऑक्टोबरमध्ये पुण्याहून मुंबईला जाणारी मोटार मागचा टायर फुटून खोल खड्ड्यात गेली आणि आतला एक प्रवासी जागीच गेला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने त्याच्या कुटुंबाला सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. विमा कंपनी अपिलात गेली. तिचं म्हणणं होतं की टायर फुटणं ही दैवी आपत्ती आहे, त्यात चालकाचा दोष नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ते फेटाळलं. माणसाचा काहीच हात नसलेल्या, आधी कळू न शकणाऱ्या नैसर्गिक घटनेला दैवी आपत्ती म्हणतात. टायर मात्र अतिवेगाने, कमी किंवा जास्त हवेने, जुना टायर घातल्याने, तापल्याने फुटतो, आणि निघण्यापूर्वी तो तपासणं हे चालकाचं किंवा मालकाचं काम आहे, असं न्यायालयाने सांगितलं. हा निकाल प्रत्येक टायरच्या दुकानात भिंतीवर लावण्याच्या लायकीचा आहे.

या निकालातली कमी हवेची गोष्ट कोल्हापुरात विशेष सांगायला हवी, कारण आपल्याकडे ती नेमकी उलटी सांगितली जाते. "उन्हाळा हाय, हवा कमीच ठेवा, फुटंल नाहीतर." खड्ड्यातून गाडी मऊ चालते, पाठीला धक्के कमी बसतात, म्हणूनही कमी ठेवतात. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते. ताशी शंभरच्या वेगाला ही दुमड सेकंदाला चौदा-पंधरा वेळा होते. त्यातून जी उष्णता निघते तिने आतले थर एकमेकांपासून सुटतात, आणि टायर फुटतो तो त्यामुळे. उन्हाने दाब वाढतो हे खरं, पण तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआय वाढतो, एवढंच, आणि टायर ते गृहीत धरूनच बनवलेला असतो. गाडीच्या दाराच्या खांबावर कंपनीने चिकटवलेल्या कागदावर जो आकडा आहे तो थंड टायरचा. तो सकाळी, गाडी फार फिरण्याआधी भरून घ्यावा. पाच माणसं आणि सामान असेल तर त्याच कागदावर त्यासाठी वेगळा, जास्तीचा आकडा दिलेला असतो. आपण कुटुंबकबिला घेऊन मालवणला निघतो तेव्हा तो आकडा किती जण बघतात?

कमी हवेचा पावसात आणखी एक तोटा आहे. १९६३ साली नासाच्या संशोधकांनी विमानाच्या चाकांवर प्रयोग करून दाखवलं की साचलेल्या पाण्यावर टायर कुठल्या वेगाला रस्ता सोडून तरंगायला लागतो, हे मुख्यतः त्याच्या हवेच्या दाबावर, दाबाच्या वर्गमुळावर, ठरतं. खाचांना पाणी बाहेर टाकता आलं नाही तर त्या सूत्राप्रमाणे ३६ पीएसआयला हा वेग ताशी सुमारे १०० किलोमीटर येतो, २५ पीएसआयला सुमारे ८३. म्हणजे मऊ चालावी म्हणून सोडलेली हवा पावसात ताशी सतरा किलोमीटरची सवलत खाऊन टाकते. टायर एकदा तरंगला की स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्हीही निकामी. पाणी बाहेर टाकणाऱ्या खाचा जितक्या उथळ तितकी ही वेळ लवकर येते. नवीन टायरच्या खाचा सात-आठ मिलिमीटर खोल असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांची मर्यादा १.६ मिलिमीटरची, आणि खाचांच्या तळाशी जे आडवे उंचवटे दिसतात ते तिथवर पोचल्याची खूण असते. ही मर्यादा दंडापासून वाचवते. घाटातल्या पाण्यासाठी मी तीन मिलिमीटरच्या खाली जायला तयार नाही.

आता रुंद टायरकडे येऊ. शहरात अलॉय व्हील आणि रुंद, बुटक्या टायरचं वेड आहे. तरुण मुलं सांगतात, "रुंद टायर, जास्त रबर रस्त्याला, जास्त पकड." कोरड्या रस्त्यावर काही अंशी खरं. साचलेल्या पाण्यावर मात्र रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून तो लवकर तरंगतो. बुटकी भिंत खड्ड्यात पडली की धक्का थेट रिमवर बसतो, आतले धागे तुटतात आणि भिंतीला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो फेकायचाच असतो. कुणी दुरुस्त करून देतो म्हणाला तर तिथून निघून यावं. माप बदलायचंच असेल तर बाहेरचा व्यास तोच राहिला पाहिजे. १६५/८० आर १४ आणि १८५/६५ आर १५ या दोन्हींचा व्यास ६२० मिलिमीटरच्या आसपास आहे, म्हणून कंपनी एकाच मोटारीच्या स्वस्त मॉडेलला एक आणि महाग मॉडेलला दुसरा देऊ शकते. त्याच पंधरा इंची रिमवर कुणी २०५/६५ चढवला की व्यास ६४७ होतो. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०४ने पळत असते, वळताना टायर आतल्या प्लास्टिकला घासतो, आणि हे सगळं देखणेपणासाठी.

ऑल टेरेन टायरचंही तसंच. शाहूवाडी, भुदरगड, आजऱ्यात ज्याला रोज शेतातल्या चिखलाच्या वाटेने जीप न्यायची आहे त्याने ते जरूर घ्यावेत, त्याचं काम त्याशिवाय होणार नाही. पण जी गाडी रंकाळ्यावर फेऱ्या मारते आणि महामार्गाने पुण्याला जाते, तिला मोठ्या ठोकळ्यांचे टायर घालणं म्हणजे ओल्या डांबरावर आपण होऊन पकड कमी करून घेणं. ठोकळे मोठे, त्यांच्यावर बारीक चिरा कमी, म्हणून डांबरावरचं पाणी कापायला धार कमी पडते. आवाज आणि इंधन हे वेगळंच.

नवीन जोडी पुढे की मागे, यावर मी मेकॅनिक मंडळींशी भांडत आलो आहे आणि पुढेही भांडणार. इंजिन पुढची चाकं ओढतं, स्टिअरिंग पुढे, म्हणून नवे टायर पुढे, असं ते सांगतात. ऐकायला बरोबर वाटतं. पण ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते, चालक ॲक्सिलरेटर सोडतो आणि बऱ्याचदा सावरते. मागची पकड सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि घाटात फिरलेली गाडी सामान्य चालकाच्या हाती राहत नाही. म्हणून दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे, गाडीचं इंजिन कुठलीही चाकं फिरवत असो. मोठ्या टायर कंपन्या हेच सांगतात, तरी आपल्याकडे उलटं चालतं. तुमची गाडी बघा, नव्वद टक्के शक्यता आहे की नवी जोडी पुढेच असेल.

"एसटी रिमोल्डवर चालती की!" हाही एक प्रतिवाद ऐकू येतो. एसटी महामंडळाचे स्वतःचे टायर पुनःस्तरण प्रकल्प आहेत, हे खरं. ट्रक-बसचा टायर मुळातच पुन्हा थर चढवण्याच्या हिशेबाने बनवलेला असतो, आणि मागच्या जोडचाकांत एकाने दगा दिला तरी शेजारचा भार घेतो. मोटारीला प्रत्येक कोपऱ्यात एकच चाक असतं. तिथे कुणीतरी कुठेतरी गरम करून चिकटवलेला थर मला चालणार नाही. आणि नायट्रोजनबद्दल एवढंच की साध्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन असतोच. पैसे देऊन भरायचा तर भरा, पण तो भरला म्हणून महिनोन्महिने दाब न बघण्याची सवय लागत असेल तर साधी हवा बरी.

हे सगळं बोलून झाल्यावर दुकानात नेमकं करायचं काय? टायर उभा करायला सांगा आणि उकिडवे बसून त्याची भिंत वाचा. तिथे सगळं लिहिलेलं असतं, फक्त बोट फिरवत शोधावं लागतं. डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात, म्हणून बसवलेल्या टायरवर ते कित्येकदा आतल्या बाजूला जातात. चढवण्यापूर्वीच बघा. वर्षभराच्या आतला टायर मागायचा तुम्हाला हक्क आहे. मापानंतर ८८ एच असं काही असेल: ८८ म्हणजे तो टायर ५६० किलो पेलतो, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा. काही मापांत ८४चा टायरही मिळतो, तो ५०० किलोचा. सात माणसांची गाडी असेल आणि कंपनीने ८८ सांगितला असेल, तर ८४ स्वस्त पडतो म्हणून घेणं हा मागे बसलेल्यांच्या जिवाशी खेळ आहे. आयएसआयची खूण असलीच पाहिजे, ती आपल्याकडे सक्तीची आहे. जुन्या टायरसाठी स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि आतल्या कडेला हात घाला. बाहेरून खाचा भरलेल्या आणि आतली कड मात्र गुळगुळीत गोटा, तारा दिसायच्या बेतात, अशी कितीतरी चाकं मी बघितली आहेत. अलाइनमेंट बिघडल्याची ती खूण, आणि उभं राहून बघणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. स्टेपनीचंही वर्ष वाचा. चारही टायर बदलले तरी डिकीतली स्टेपनी गाडीच्या जन्मापासूनचीच असते.

दुकानदाराला विचारायचा प्रश्न हा: ओल्या रस्त्यावर हा कसा थांबतो? बऱ्याच ठिकाणी उत्तर मिळणार नाही, आणि याला एकटा दुकानदार जबाबदार नाही. युरोपात २०१२ पासून टायरवर लेबल सक्तीचं आहे आणि ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी तिथे एका अक्षरात कळते. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२च्या अधिसूचनेने ओल्या रस्त्यावरची पकड, रोलिंग रेझिस्टन्स आणि आवाज यांची किमान पातळी घालून दिली. पाऊल चांगलं आहे, पण किमान पातळी पार केलेला टायर आणि तिच्या खूप वर असलेला टायर यांतला फरक गिऱ्हाइकाला दिसत नाही. टायरवर तारे दिसतात ते ऊर्जा दक्षता ब्युरोचे, आणि ते मुख्यतः रोलिंग रेझिस्टन्सवर, म्हणजे इंधनाच्या बचतीवर मिळतात. पाच तारे बघून कुणी पकड चांगली असं समजत असेल तर तो फसतो आहे. इंधन किती वाचेल हे छापता येतं, तर घाटात किती मीटरवर थांबेल याची श्रेणीही छापता आली पाहिजे. ज्या जिल्ह्यात गगनबावडा आहे त्या जिल्ह्यातून ही मागणी जोराने व्हायला हवी. तोपर्यंत कंपनीच्या त्या मापाच्या निर्यातीच्या टायरला युरोपात कुठलं अक्षर मिळालं हे शोधता येतं. मॉडेल तंतोतंत तेच असेल तर तो आधार धरता येतो.

शेवटचा आक्षेप पैशाचा, आणि तो मी सगळ्यात गांभीर्याने घेतो. चांगल्या पकडीचा टायर बहुधा थोडा महाग आणि लवकर झिजणारा. घरच्या गाडीला हा आक्षेप लागू होत नाही, कारण वर दाखवलं तसं तिचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. पस्तीस-चाळीस हजार पळणारा, ओल्यात घट्ट धरणारा टायर तिला पाच-सहा वर्षं पुरतो आणि वेळेवर बदललाही जातो. चार टायरमागे काही हजारांचा फरक पाच वर्षांत वाटून बघा. पण ज्याची गाडी भाड्याने रोज कोल्हापूर-पुणे करते, महिन्याला पाच-सहा हजार किलोमीटर फिरते, त्याचं पोट किलोमीटरवर आहे. त्याला साठ हजारवाला घेऊ नको असं सांगायचा अधिकार मला नाही. त्याच्यासाठी माझं म्हणणं वेगळं आहे: जास्त पळणारा टायर घे, पण तो वर्षाच्या कुठल्या महिन्यात झिजतो ते तू ठरव. दिवाळीनंतर नवे घातलेले टायर मे संपेपर्यंत कोरड्या महामार्गावर पळतात आणि पाऊस सुरू होताना अर्धे खर्ची पडलेले असतात. तेच टायर मेच्या अखेरीला घातले, तर खोल खाचांचे चार महिने पावसात मिळतात आणि उरलेली झीज कोरड्यात होते. खर्च तेवढाच, किलोमीटरही तेवढेच. मेमध्ये मोजून तीन मिलिमीटरच्या खाली भरले, तर दोन-तीन हजार किलोमीटर पाण्यात गेले असं समजून ते तेव्हाच उतरवावेत.